शरीरानेही वाढणे
(वाचन : लूक २:४०-५२, जखऱ्या ८:५)

येशूच्या वाढीविषयी लिहिताना लूक ज्ञानाबरोबर शरीराचाही उल्लेख करतो. तेथील मूळ ग्रीक शब्द ‘हेलिकिया’. त्याचा अर्थ वय असाही होतो व उंची असाही.

पेडणे व डिचोलीकडील घरभेटींत हल्ली दोन वर्षांचे मूल मोबाइलकडे पाहत घास घेताना आम्हांस दिसते. २०२० साली शाळा बंद झाल्या, धडे फोनवर आले, आणि फोन मुलांच्या हाती राहिला तो राहिलाच. कामावरून थकून आलेल्या आईला बोल लावण्यात अर्थ नाही. तरी जागतिक आरोग्य संघटनेचे २०१९ चे सांगणे तिला कळावे : दोन वर्षे पुरी होईतो पडदा नकोच, पुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला फार तर एक तास, आणि चालू लागलेल्या मुलाची दिवसातून तीन तास तरी हालचाल. काचेवर बोट फिरवून पेन्सिल धरण्याचे बळ येत नाही. ते पीठ मळून, माती उकरून येते. उघड्यावरील उजेड डोळ्यांनाही हवा असतो.

जखऱ्याच्या यरुशलेमेत रस्त्यांवर मुलेमुली खेळतात. संडेस्कूलच्या शिक्षकांनी यरीहोचा पाठ मंदिराच्या अंगणात सात फेऱ्या मारून घ्यावा. व्हिडिओ लावणे सोपे, हे खरे. पालकांनाही फेऱ्यांत घ्यावे, फोन पिशवीत ठेवून.