मुलांचा व्यायाम वजनकाट्यावर मोजू नका

‘सहा महिने पोहायला पाठवतोय, पण वजन आहे तेवढंच. मग बंद करू का?’ हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. मुळीच बंद करू नका.

इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात २००० साली ‘अर्लीबर्ड’ नावाचा अभ्यास सुरू झाला. सुमारे ३०० मुलांची पाचव्या वर्षापासून दरवर्षी तपासणी झाली. त्यांची हालचाल आई-बाबांना विचारून नव्हे, तर कमरेला बांधलेल्या यंत्राने मोजली. रोज तासभर चांगली हालचाल करणाऱ्या मुलांचं वजन इतरांपेक्षा कमी भरलं नाही. मात्र इन्सुलिन, रक्तातली चरबी, रक्तदाब यांचा एकत्रित लेखाजोखा त्यांच्या बाबतीत अधिक चांगला निघाला. वजन आटोक्यात आणायचं तर आधी बिस्किटं, वेफर्स आणि गोड पेयं कमी करावी लागतात. व्यायामाचं काम वेगळं आहे, आणि ते काट्यावर दिसत नाही.

आपल्याकडे तर काटा जास्तच फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं अभ्यासली. त्यांचं सरासरी वजन २.७ किलो होतं, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणून ‘आमचा बारीकच आहे, त्याला कशाला व्यायाम?’ हे म्हणणं मला धोक्याचं वाटतं. बारीक मुलालाही स्नायू कमवावे लागतात.

मुलींबद्दल मला विशेष कळकळीने सांगायचं आहे. उंची झपाट्याने वाढते त्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या खनिजांपैकी जवळपास पाव हिस्सा साठतो. मुलींमध्ये हा काळ साधारण बारा-तेराव्या वर्षी येतो, आणि आपल्या कितीतरी घरांत नेमका तेव्हाच, पाळी सुरू झाली म्हणून, तिचा खेळ थांबवला जातो. पाळीत त्रास होत नसेल तर खेळायला काहीच हरकत नाही. दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी यांत पाय जमिनीवर आपटतात आणि त्या धक्क्यांनीच हाडं बळकट होतात. पोहणं हृदयाला उत्तम, पण हाडांसाठी त्याला उड्यांची जोड हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असं हलावं, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारे खेळ खेळावेत. हा तास सलग नसला तरी चालतो. दहावीचं वर्षही याला अपवाद नाही.

प्रगती पाहायचीच असेल तर दर तीन महिन्यांनी त्याच मैदानावर ६०० मीटर धावण्याची वेळ लिहून ठेवा. दमा असलेल्या मुलालाही औषधं नीट चालू ठेवून खेळता येतं. पण पळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन मूल पडलं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर खेळ थांबवून आधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्या.