लॅब्राडोर की मुधोळ?

कुत्रा निवडताना रूपापेक्षा आपले घर पाहावे. लॅब्राडोर मनमिळाऊ, मुलांत सहज रमतो. परंतु त्याची भूक शमत नाही, आणि हा केवळ लाडाचा दोष नव्हे. सुमारे एक-चतुर्थांश लॅब्राडोरांत भुकेशी निगडित 'पीओएमसी' जनुकात दोष असल्याचे २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले. मोजका आहार मिळालेले लॅब्राडोर आपल्या भावंडांपेक्षा जवळजवळ दोन वर्षे अधिक जगल्याचे २००२ च्या अभ्यासात आढळले होते. (रुग्णांना आपण वेगळे काय सांगतो?)

मुधोळ बेळगावशेजारच्या बागलकोट जिल्ह्यातला, घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेला. सडपातळ, ऊन सोसणारा. पण नजरेने सावज हेरणाऱ्या या शिकारी कुत्र्याला रोज मोकळी धाव हवी. परक्याचा हात त्याला खपत नाही. सदनिकेत नातवंडे असतील तर लॅब्राडोर घ्यावा, मात्र त्याची वाटी मोजून भरावी. अंगण वा मळा असेल आणि पहाटे त्याला धावायला नेणारे कोणी असेल, तर मुधोळच.