उन्हांत वाळविलेल्या द्राक्षांची मदिरा : रसपरीक्षेचा एक धडा

द्राक्ष पिकविणारानें आपल्या मालाची परीक्षा सर्वस्वी व्यापाऱ्याच्या जिभेवर सोपवावी, ही गोष्ट आम्हांस इष्ट वाटत नाहीं. रसपरीक्षा ही शिकून येणारी विद्या आहे. तिचा एक धडा म्हणून स्पेन देशांतील ‘पेद्रो हिमेनेस’ या गोड मदिरेचा विचार येथें करूं. हा मद्यपानाचा पुरस्कार नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

पेद्रो हिमेनेस हें मूळ एका पातळ सालीच्या पांढऱ्या द्राक्षाचें नांव. त्याची मुख्य लागवड दक्षिण स्पेनांतील कोर्दोबा प्रांताच्या मोन्तिया भागांत आहे. हेरेस येथील शेरीच्या कोठारांसही त्याचा रस बराचसा तेथूनच जातो. दोन्हींकडील उत्तम जमीन पांढरी, चुनखडीची असून हिवाळ्यांतील पाऊस पोटांत सांठवून ती कोरड्या उन्हाळ्यांत वेलीस पुरविते. घड तोडल्यावर ते चटयांवर एक ते दोन आठवडे भर उन्हांत पसरतात. ते हातानें उलटावे लागतात. रात्रीं दंवापासून झांकावे लागतात. मध्येंच पाऊस आला तर बुरशी लागून वर्षाचे श्रम वायां जातात.

वाळलेल्या द्राक्षाचा रस निघतो थोडा, पण काकवीसारखा दाट. तो आंबूं लागतो न लागतो तोंच त्यांत द्राक्षापासूनच काढलेला मद्यार्क घालतात. त्यामुळें आंबणें थांबून गोडी टिकते. आपल्याकडील द्राक्षासवांत मद्यार्क आंबण्यानेंच उत्पन्न होतो, हा भेद लक्षांत ठेवावा. शेरीच्या नियमांप्रमाणें या मदिरेंत मद्यार्क शेंकडा १५ ते २२ असून शर्करा दर लिटरास निदान २१२ ग्रॅम लागते. प्रत्यक्षांत ती ४०० ग्रॅमांवरही जाते. पुढें ती ओक लांकडाच्या पिंपांत वर्षानुवर्षें मुरते. सर्वांत खालच्या रांगेंतून थोडी काढावयाची व तितकीच वरच्या रांगेंतून भरावयाची, अशी ही ‘सोलेरा’ पद्धति आहे. एखादें साल बरें-वाईट गेलें तरी चव त्यामुळें एकसारखी राहते.

आतां परीक्षा. अरुंद तोंडाच्या लहान पेल्यांत दोन घोटांपुरती, किंचित् थंड मदिरा घ्यावी. प्रथम डोळा. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा. आम्ही पाहिलेला नमुना मध्यें जवळजवळ काळा, कडेस तपकिरी होता व कांचेस तेलासारखा चिकटत होता. मग नाक. पहिल्यानें मनुका, अंजीर व खजूर यांचा वास येतो; थोडें थांबल्यावर भाजलेल्या कॉफीचा व ज्येष्ठमधाचा. पहिला वास उन्हाचा, दुसरा पिंपाचा व काळाचा. बुरशीचा किंवा शिरक्याचा वास आल्यास वाळवणींत वा सांठवणींत चूक झाली असें समजावें. शेवटीं जीभ. गोडी लहान मुलासही कळते. परीक्षकानें तिच्यामागील आंबटपणा व किंचित् कडवटपणा शोधावा. पहिल्या घोटास आम्हांस गोडीवांचून कांहींच कळलें नाहीं. पाण्यानें तोंड धुवून घेतलेल्या दुसऱ्या घोटास तो आंबटपणा सांपडला. तो नसेल तर ती मदिरा नुसती काकवीच होय.

हाच क्रम तासगांवच्या बेदाण्यास लावतां येतो. तेथें माल सावलींत जाळ्यांवर वाळवितात, कारण फिका हिरवट-पिवळा रंग हवा असतो. पेद्रो हिमेनेसमध्यें काळेपणा हाच गुण. वाळवण एकच, परंतु हेतु भिन्न, म्हणून गुणदोषही भिन्न. अवकाळी पावसाची भीति मात्र दोघांस सारखीच. सौद्यास माल नेण्यापूर्वीं दर वाळवणीचा मूठभर बेदाणा वेगळा ठेवून आधीं रंग, मग वास, मग चव अशी परीक्षा करावी व ती वहींत टिपून ठेवावी. आपल्या मालाचा दोष व्यापाऱ्याच्या आधीं आपणांस कळला, तर भाव ठरवितांना मान खालीं घालावी लागणार नाहीं. आणि गुण कळला, तर तो पडत्या भावानें देण्याचें कारण उरणार नाहीं.