वाचा-उपचार सहायक : शिक्षण, नोंदणी आणि अधिकाराची मर्यादा

दोन वर्षांचे मूल बोलत नाही असे म्हटले, की घरातील वडील माणसे "बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला होता" असे सांगून मोकळी होतात. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आजोबांची वाचा गेली, तर "वयच झाले" म्हणून सोडून दिले जाते. सुदैवाने आता हे चित्र बदलते आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीच नव्हे तर तालुक्याच्या गावीसुद्धा 'स्पीच थेरपी सेंटर' अशा पाट्या दिसू लागल्या आहेत. पाटी लागली ही चांगलीच गोष्ट. पण पाटीच्या आत बसलेली व्यक्ती कोण, तिचे शिक्षण किती आणि तिला नेमके कोणते काम करण्याचा अधिकार आहे, हे विचारणारे पालक मला फार थोडे भेटतात. औषधाच्या दुकानात आपण गोळीवरची तारीख पाहतो, मग इथेच संकोच का? आजच्या लेखात आपण याच विषयाची माहिती घेऊ.

कायदा काय सांगतो?

डॉक्टरांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते हे सर्वांना ठाऊक आहे. वाचा आणि श्रवण या क्षेत्रातील लोकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. त्यासाठी संसदेने १९९२ साली स्वतंत्र कायदा केला. जून १९९३ पासून परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला आणि २००० साली कायद्यात दुरुस्ती झाली. परिषद दोन मुख्य कामे करते. कोणत्या संस्थेतला कोणता अभ्यासक्रम मान्य हे ती ठरवते, आणि तो पूर्ण केलेल्यांची नावे केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत लिहिते.

या कायद्याचे १३ वे कलम वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. मान्य अर्हता आणि नोंदवहीत नाव या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय कोणालाही पुनर्वास व्यावसायिक म्हणून सरकारी वा स्थानिक संस्थेत पद धारण करता येत नाही, देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही आणि अशा व्यावसायिकाने सही करायच्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. नियम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची रक्कम आज किरकोळ वाटेल. पण कैदेची तरतूद किरकोळ नाही.

तज्ज्ञ कोण आणि सहायक कोण?

वाचा-श्रवण तज्ज्ञ होण्यासाठी बारावीनंतर पदवीचा अभ्यासक्रम करावा लागतो. तो चार वर्षांचा असून शेवटचे वर्ष प्रत्यक्ष अनुभवाचे असते. त्यापुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली सुरू झाली. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. मुंबईचे नायर रुग्णालय आणि पुण्याची भारती विद्यापीठ याही ठिकाणी हे शिक्षण मिळते.

सहायकाचा मार्ग वेगळा आहे. विज्ञान शाखेची बारावी झाल्यावर 'श्रवण, भाषा व वाचा' या विषयाची एक वर्षाची पदविका घेता येते. तज्ज्ञाच्या हाताखाली काम करणारे, गावपातळीवर पोचू शकणारे मनुष्यबळ तयार व्हावे हा या पदविकेचा हेतू. पदविकाधारकाचीही नोंदणी पुनर्वास परिषदेकडेच होते. म्हणजे 'नोंदणी आहे' एवढ्या उत्तराने भागत नाही. नोंदणी कोणत्या अर्हतेवर झाली, हा खरा प्रश्न आहे. परिचारिकेची नोंदणी असते म्हणून ती शस्त्रक्रिया करत नाही, तसेच हे.

सहायकाने काय करावे?

१) तज्ज्ञाने ठरवून दिलेला सराव मुलाकडून किंवा रुग्णाकडून नियमित करून घ्यावा.
२) ऐकण्याची प्राथमिक चाचणी करावी व दोष आढळल्यास पुढे पाठवावे.
३) चित्रे, खेळणी आदी साहित्य तयार ठेवावे. श्रवणयंत्र चालू आहे ना, त्याची बॅटरी आणि साचा ठीक आहे ना, ते पाहावे.
४) प्रत्येक बैठकीत काय झाले याची टिपणे ठेवून ती तज्ज्ञाला दाखवावीत.
५) घरी करायचा सराव आई-वडिलांना समजावून सांगावा.

काय करू नये?

१) मुलाला कोणता दोष आहे याचे निदान स्वतः करू नये.
२) उपचाराची योजना स्वतःच्या मनाने आखू नये, बदलू नये किंवा उपचार थांबवू नयेत.
३) झटक्यानंतर गिळण्यास त्रास होणाऱ्या रुग्णाला काय आणि कसे भरवावे याचा निर्णय घेऊ नये. पाणी वा पेज श्वासनलिकेत गेली तर फुप्फुसाला संसर्ग होऊन जीवावर बेतू शकते.
४) स्वतःला 'तज्ज्ञ' म्हणवू नये.

ही विभागणी आपल्याकडेच आहे असे नव्हे. अमेरिकेत परवान्याचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते, त्यामुळे शिक्षणाच्या अटी राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात सहायकाला राज्याच्या मंडळाकडे स्वतःची नोंदणी करावी लागते आणि परवानाधारक तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काम करावे लागते. तेथील तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे धोरणही स्पष्ट आहे : निदान आणि उपचारयोजना तज्ज्ञाची, सराव सहायकाचा, आणि जबाबदारी शेवटी तज्ज्ञाचीच.

मर्यादा ओलांडली तर काय होते?

एक उदाहरण देते. चार वर्षांच्या एका मुलाला त्याचे पालक माझ्याकडे घेऊन आले. वर्षभर तो एका केंद्रात जात होता. तिथली मुलगी मोठ्या प्रेमाने त्याच्याकडून जिभेचे व्यायाम करून घेई, चित्रे दाखवून नावे म्हणवून घेई. मूल मात्र शब्द उचलत नव्हते. आई म्हणाली, "ताई, तो फार हट्टी आहे, लक्षच देत नाही." कानाची तपासणी त्या वर्षात एकदाही झालेली नव्हती. बेरा चाचणी केली तेव्हा दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण असल्याचे दिसले. जे ऐकूच येत नाही, ते म्हणणार कसे?

त्या मुलीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तिच्याकडे पदविका होती, कामाची तळमळही होती. पण केंद्रात तज्ज्ञाचे फक्त नाव होते, तज्ज्ञ नव्हता. जे काम तिचे नव्हते ते तिच्यावर टाकले गेले आणि मुलाचे एक वर्ष गेले. भाषा शिकण्याच्या दृष्टीने पहिल्या काही वर्षांचे मोल फार मोठे असते. म्हणूनच बाळाच्या ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हावेत, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात. त्या मुलाला पुढे श्रवणयंत्रे बसवली. त्याचा रोजचा सराव आज एक सहायिकाच घेते. फरक एवढाच, की आता योजना लिहून दिलेली असते आणि दर पंधरा दिवसांनी ती तपासली जाते.

पालकांनी विचारायचे पाच प्रश्न

१) आपले शिक्षण काय? पदवी की पदविका, आणि कोणत्या संस्थेतून?
२) पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक कोणता? तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहावे.
३) निदान कोणी केले? कानाची तपासणी झाली का?
४) आपण सहायक असाल तर आपल्यावर देखरेख करणारे तज्ज्ञ कोण, ते मुलाला पुन्हा केव्हा पाहतील?
५) उपचाराची लेखी योजना मिळेल का?

प्रामाणिक माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्याकडे मूल सोपवण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांसाठी

बारावीनंतर लवकर हाताला काम देणारा हा मार्ग आहे, आणि ग्रामीण भागात त्याची गरज मोठी आहे. मात्र पैसे भरण्यापूर्वी एक काळजी घ्या. संस्थेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला चालू वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीतच पाहा; संस्थेच्या माहितीपुस्तिकेवर विसंबू नका. काही आठवड्यांत 'थेरपिस्ट' करून देणाऱ्या वर्गांचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, पण त्यावर नोंदवहीत नाव लागत नाही. नोंदणी ठराविक मुदतीची असते. तिचे नूतनीकरण करण्यासाठी अधूनमधून मान्य प्रशिक्षणांना हजर राहावे लागते, हेही ध्यानात ठेवा.

शासकीय सोय कुठे?

खासगी केंद्र परवडत नसेल तर निराश होऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. या कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी होते. ऐकण्यातील दोष आणि भाषेचा विलंब यांचाही तीत समावेश आहे. दोष आढळल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते आणि तिथे वाचा-श्रवण तज्ज्ञाचे पद ठेवलेले आहे. जिल्हा रुग्णालयात जाऊन या केंद्राची चौकशी अवश्य करा.

दिव्यांग प्रमाणपत्राबाबतही गैरसमज आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व हा प्रकार आहे. स्वरयंत्र काढून टाकावे लागणे किंवा मेंदूतील बिघाडामुळे वाचा जाणे अशा कारणांनी आलेले कायमचे दिव्यांगत्व त्यात मोडते. हे प्रमाणपत्र शासनाने नेमलेले वैद्यकीय अधिकारीच देतात. खासगी केंद्रातील सहायक किंवा तज्ज्ञ "मी करून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर सावध व्हा.

थोडक्यात सांगायचे तर, सहायक हा दुय्यम माणूस नव्हे. गावोगावी रोजचा सराव त्याच्याशिवाय होणार नाही, आणि सरावाशिवाय वाचा येत नाही. पण योजना तज्ज्ञाची आणि हात सहायकाचे, ही जोडी असली तरच मुलाला गुण येतो. आपल्या मुलाच्या बाबतीत ही जोडी पुरी आहे की अर्धी, एवढे या आठवड्यात जरूर विचारून घ्या.

(पुढील आठवड्यात : लहान मुलांचे अडखळत बोलणे – घरच्यांनी काय करावे, काय टाळावे)