सावित्रीमाईंना कोणी शिकविले?

३ जानेवारी रोजी आमच्या शाळेत सावित्रीमाईंची जयंती दरवर्षी साजरी होते. अशाच एका जयंतीला आठवीतील एका विद्यार्थिनीने आम्हांस विचारले, "सर, सावित्रीमाई आपल्या पहिल्या शिक्षिका, तर मग त्यांना कोणी शिकविले?" जोतीरावांनी, हे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. ते खरे आहे, पण पूर्ण नाही. पूर्ण उत्तर द्यावयाचे तर दोन परदेशी मिशनरी शिक्षिकांची नावे घ्यावी लागतात आणि तेथे आपल्यापैकी अनेक जण अडखळतात. धर्मप्रसारासाठी आलेल्यांचे ऋण आपण बौद्धांनी कसे मानावे, हा तो अवघड प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

सिंथिया फॅरार यांचा जन्म १७९५ साली अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर प्रांतात झाला. काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन पंथीयांच्या पाठबळावर चालणाऱ्या 'अमेरिकन बोर्ड' या मिशन संस्थेने त्यांना १८२७ साली मुंबईस पाठविले. त्या कोणा मिशनऱ्याच्या पत्नी म्हणून आल्या नव्हत्या. मुलींच्या शाळांची व्यवस्था पाहण्यासाठी नेमलेल्या त्या अविवाहित शिक्षिका होत्या. ही गोष्ट त्या काळी अमेरिकेतही विरळाच होती. मुंबईत सुमारे दहा वर्षे काम केल्यावर प्रकृती ढासळल्यामुळे त्या मायदेशी गेल्या. १८३९ साली त्या परत आल्या, त्या अहमदनगरला. पुढे २५ जानेवारी १८६२ रोजी अहमदनगरमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांच्यापुढील अडचणी सहज कल्पिता येतील. लिहिणेवाचणे शिकलेली स्त्री विधवा होते, अशी समजूत तेव्हा घरोघर होती. शिवाय बालविवाहाची रूढी होती. मुलगी वाचू लागते न लागते, तोच तिला सासरी धाडले जाई. अशा परिस्थितीत फॅरारबाईंनी मुलींच्या शाळा नेटाने चालविल्या.

जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळींच्या शाळेत शिकले होते. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला असत. त्यांच्यासोबत जोतीरावांनी फॅरारबाईंच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. पुढे १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आमचा धर्म कोणता, असा रोखठोक सवाल तिने त्यात केला. तो निबंध छापला 'ज्ञानोदय'ने. हे पत्र अमेरिकन मिशनने १८४२ साली नगरला सुरू केले होते.

मिशनचा हेतू धर्मांतराचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. जोतीरावांनाही तो ठाऊक होता. त्यांनी मिशनच्या शाळेतील विद्या घेतली, बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि आपली वाट आपणच आखली. तथापि, फॅरारबाईंच्या शाळा पाहून आपणांस प्रेरणा मिळाली, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. याच जोतीरावांना बाबासाहेबांनी गुरू मानले आणि शूद्र कोण होते याचा शोध घेणारा १९४६ सालचा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. भगवान बुद्धांनी मंगलसुत्तात कृतज्ञतेची गणना उत्तम मंगलांत केली आहे. कृतज्ञता म्हणजे शरण जाणे नव्हे. कोणी काय दिले ते ओळखणे, ते उघडपणे सांगणे आणि तरीही आपल्या विवेकाने चालणे, म्हणजे कृतज्ञता. आमच्या मते जोतीरावांनी घालून दिलेला पाठ तो हाच.

हे ऋण फेडावयाचे कोठे? आपल्या केळापूर तालुक्यातच. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, कारण घरी राहून आपल्या मुलांचे शिक्षण होत नाही, हे बाबासाहेबांनी जाणले होते. आमची निवासी शाळा त्याच विचाराची आहे. परंतु आजही दिवाळीला घरी गेलेली एखादी मुलगी कापसाची वेचणी संपेपर्यंत परत येत नाही. पुढे ती येतच नाही आणि उन्हाळ्यात तिच्या लग्नाची पत्रिका तेवढी येते. तिच्या घरची ओढाताण आम्ही जाणतो, कारण आम्हीही कापूस वेचूनच शिकलो. म्हणूनच पालकांना आमची कळकळीची विनंती आहे, की सुट्टी संपताच मुलीला शाळेत आणून सोडावे. माजी विद्यार्थ्यांनीही आपल्या गावातून शाळेत न परतलेल्या मुलीच्या घरी स्वतः जावे, अडचण पैशाची असेल तर ती आपसांत वाटून घ्यावी आणि तिला परत आणावे.

आठवीतील त्या मुलीला आम्ही दोन्ही शिक्षिकांची नावे सांगितली. तिने ती वहीत जोतीरावांच्या नावाखाली लिहून घेतली.

जयभीम! नमो बुद्धाय!