क्षीण प्रतिकारशक्ती आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग

लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. शब्द जुना आहे आणि त्यात उष्म्याचा दोष गृहीत धरलेला आहे. उन्हातान्हात काम करून पाणी कमी प्यायल्यास लघवी पिवळी होते, किंचित दाहही होतो, आणि पुरेसे पाणी पोटात गेले म्हणजे तो शमतो. तेवढ्यापुरते हे नाव खोटे नाही. परंतु वरचेवर लघवीला जावेसे वाटणे, प्रत्येक वेळी थोडीच होणे, ओटीपोटात दुखणे आणि जळजळ ही लक्षणे पाणी पिऊनही टिकून राहिली, तर कारण उष्णता नसून जंतू असण्याचा संभव अधिक. धडधाकट तरुण स्त्रीच्या बाबतीत हा विकार त्रासदायक असला तरी बहुधा साधा असतो. मधुमेही व्यक्ती, मूत्रपिंडाचे रोपण झालेला रुग्ण, कर्करोगावर औषधे घेणारा किंवा दमा, संधिवात आदी विकारांसाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारा मनुष्य, यांच्या बाबतीत मात्र तोच विकार निराळा समजावा लागतो. तो निराळेपणा कशात आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

गोव्यातील वाचकांस हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के असता येथील प्रौढांत ते २६.४ टक्के होते, म्हणजे चौघांत एकाहून किंचित अधिक. प्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसे केवळ मोठ्या रुग्णालयांत असतात असे नव्हे. ती प्रत्येक वाड्यावर आहेत.

संसर्ग कसा होतो

या संसर्गास बहुतेक वेळा कारणीभूत होणारा जंतू ई. कोलाय हा होय. तो आपल्या आतड्यात निरुपद्रवीपणे नांदत असतो. गुदद्वाराजवळून तो मूत्रनलिकेच्या तोंडाशी येतो आणि तेथून वर सरकतो. स्त्रियांची मूत्रनलिका सुमारे ४ सेंटिमीटर, तर पुरुषांची सुमारे २० सेंटिमीटर लांब असते. स्त्रियांना हा विकार अधिक का होतो, याचे मुख्य उत्तर या दोन आकड्यांत आहे. पन्नाशीनंतर पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी तुंबू लागते, आणि त्यांनाही तो जडू शकतो.

शरीराची पहिली तटबंदी अगदी साधी आहे. लघवी वाहत राहते, मूत्राशय प्रत्येक वेळी जवळजवळ पूर्ण रिकामे होते आणि वर चढू पाहणारे जंतू धुऊन निघतात. दुसरी तटबंदी रक्तातील श्वेतपेशींची. जुन्या मधुमेहात या दोन्ही ढासळतात. वाढलेल्या साखरेने श्वेतपेशींचे कार्य मंदावते. शिवाय मूत्राशयाच्या मज्जातंतूंना इजा पोहोचून ते भरल्याची जाणीव बोथट होते. रुग्णास वाटते लघवी झाली. प्रत्यक्षात १०० मिलिलिटरहून अधिक लघवी आत शिल्लक असते. वाहत्या ओहोळात शेवाळ धरत नाही, साचलेल्या तळीत धरते, तसाच हा प्रकार आहे.

लक्षणे गप्प का राहतात

सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. जळजळ, ताप, लघवीतील पू ही केवळ जंतूंची कृती नव्हे. जंतूंशी शरीर झुंजत असल्याची ती चिन्हे आहेत. झुंज दुबळी असेल तर चिन्हेही दुबळी. स्टिरॉइडमुळे ताप दबतो. कर्करोगावरील औषधांनी श्वेतपेशी घटलेल्या असल्यास लघवीत जंतू असूनही पू दिसत नाही; कारण पू म्हणजे बहुतांशी त्याच पेशी. अहवालात ‘पस सेल्स नाहीत’ असे वाचून अशा रुग्णाने निर्धास्त होणे घातक ठरू शकते. रोपण केलेले मूत्रपिंड पाठीकडे नव्हे, तर ओटीपोटाच्या एका बाजूस बसविलेले असते आणि त्यास मूळचे मज्जातंतू नसतात. तेव्हा कंबर दुखण्याची वाट पाहणे व्यर्थ होय. वयस्क मधुमेहीत तर कधी कधी एवढेच घडते : रक्तातील साखर अकस्मात वाढते, अन्नावरील वासना उडते, माणूस सुस्त होतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. घरची मंडळी ते वयावर घालतात.

जंतू मूत्राशयातून मूत्रपिंडात चढले म्हणजे दुखण्याचे स्वरूप पालटते. १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, हुडहुडी, कुशीत दुखणे, वांत्या, लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसल्यास अशा रुग्णाने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. शुद्ध हरपत असेल वा हातपाय गार पडत असतील तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मूत्रपिंडात जंतूंमुळे वायू साठण्याचा एक भयंकर प्रकार आहे. त्यात सापडणारे दहांपैकी नऊ रुग्ण मधुमेही असतात. आरंभी तो साध्या तापासारखाच दिसतो आणि सी. टी. स्कॅनमध्ये उघड होतो.

नमुना आधी, औषध नंतर

निरोगी स्त्रीच्या साध्या संसर्गात डॉक्टर लक्षणांवरून औषध देतात, ते ठीकच. क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णात मात्र ई. कोलायखेरीज क्लेब्सिएला, स्यूडोमोनस, एवढेच नव्हे तर बुरशीही सापडते, आणि कोणते औषध लागू पडेल याचा अंदाज अनेकदा चुकतो. म्हणून प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी लघवीचे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, करण्यास द्यावे. एकदा गोळी पोटात गेली की जंतू अर्धवट दबतात आणि चाचणी काहीच सांगत नाही. प्रकृती गंभीर असल्यास नमुना घेताच डॉक्टर औषध सुरू करतात आणि दोन-तीन दिवसांत अहवाल आल्यावर आवश्यक तर ते बदलतात.

नमुना घेण्याची रीत शिकवावी लागते, आणि ती शिकविण्यास कोणी पुढे येत नाही असा अनुभव आहे. जागा पाण्याने स्वच्छ धुवावी. पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार निर्जंतुक बाटलीत धरावी. बाटलीच्या आतल्या बाजूस वा झाकणास आतून बोट लावू नये. घरातील धुतलेली औषधाची बाटली चालत नाही. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा. ते शक्य नसेल तर फ्रीजमध्ये ठेवावा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. सत्तरी किंवा काणकोणच्या गावातून बसने, उन्हातून, चार तासांनी आलेली बाटली वास्तवाहून भलतेच मोठे आकडे दाखवील हे यावरून कळावे.

याची दुसरी बाजूही ध्यानात असावी. कोणतेही लक्षण नसता लघवीत जंतू सापडणे ही वयस्क व मधुमेही स्त्रियांत सर्वसामान्य गोष्ट आहे, आणि तीवर औषध देऊ नये असेच आजचे वैद्यकशास्त्र सांगते. लघवी गढूळ आहे, वास येतो, एवढ्यावरूनही नाही. गर्भवती स्त्री व मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हावयाची असलेला रुग्ण हे प्रमुख अपवाद. विनाकारण घेतलेल्या औषधाने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या आजारात तेच औषध निकामी ठरते. मागील वेळच्या उरलेल्या गोळ्या घेणे, शेजारणीला लागू पडली म्हणून तीच गोळी मागणे, ही रूढी याच कारणास्तव मोडावयास हवी. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार त्यात समाविष्ट प्रतिजैविके डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून देता येत नाहीत, आणि विक्रेत्यास त्यांची नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. कायदा आहे, तो पाळला जाणे ग्राहकाच्या आग्रहावरही अवलंबून आहे.

उपचारासंबंधी काही

मूत्राशयापुरत्या संसर्गाचा उपचार थोड्या दिवसांचा, मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्यास सामान्यतः ७ ते १४ दिवसांचा असतो. नायट्रोफ्युरँटॉइन हे जुने व उपयुक्त औषध मूत्राशयातच काम करते. मूत्रपिंडाच्या संसर्गात ते पुरे पडत नाही. रोपण झालेल्या रुग्णाने तर कोणतेही नवे औषध आपल्या तज्ज्ञास विचारल्याखेरीज घेऊ नये. बुरशीवरील फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढते आणि मूत्रपिंडासच अपाय होतो. तापात स्टिरॉइड वा इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे. मधुमेहाच्या काही गोळ्या ताप-वांत्यांत तात्पुरत्या थांबवाव्या लागतात खऱ्या, पण कोणत्या ते डॉक्टर सांगतील.

‘शहाळ्याचे पाणी प्या’ हा सल्ला आपल्या किनारपट्टीवर कोणीही देतो. निरोगी माणसास त्याने अपाय नाही. परंतु शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. ज्याची मूत्रपिंडे निकामी होत आहेत, किंवा जो टॅक्रोलिमस घेतो, त्याच्या रक्तात ते साचून हृदयाची क्रिया बिघडू शकते. कोकम वा धने-जिऱ्याचे पाणी यांनी तहान भागते, पण जंतू मरत नाहीत. पाण्याचे प्रमाणही सर्वांस एक नाही. ज्यांना डॉक्टरांनी ते मोजून दिले आहे त्यांनी तेच मोजमाप पाळावे.

लघवी रोखून धरण्याची सवय हे एक कारण आहे, आणि त्याचा दोष नेहमी रुग्णाचा नसतो. शाळेत स्वच्छतागृह बंद असते म्हणून शिक्षिका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कार्यालयांतही हेच. मुख्याध्यापकांनी व पंचायत सचिवांनी या बाबीकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे.

ज्या रुग्णास घरी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावलेली असते, त्याची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी, जमिनीला टेकू नये, आणि हाताळण्याआधी हात साबणाने धुवावेत. नळी असेपर्यंत दर दिवशी जंतू शिरण्याची शक्यता सुमारे ३ ते ७ टक्के असते. महिन्याभरात बहुतेकांच्या लघवीत ते आढळतात. म्हणून नळीची गरज अजून आहे काय, हे प्रत्येक भेटीत डॉक्टरांस विचारावे.

संसर्ग पुनःपुन्हा होत असेल तर सोनोग्राफी करून मुतखडा आहे काय व लघवी शिल्लक राहते काय हे पाहणे आवश्यक असते. लघवीत सतत पू येतो आणि कल्चरमध्ये मात्र काहीच वाढत नाही, असे आढळल्यास मूत्रपिंडाच्या क्षयाची शंका घ्यावी. क्षयाचे जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये वाढत नाहीत. त्यांची तपासणी वेगळी सांगावी लागते, आणि क्षयावरील औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.