घटसर्प : जंतूचे विष आणि शरीराचे प्रतिविष
(इयत्ता ५ वी ते ७ वी : सामान्य विज्ञान व आरोग्य)

हेतू : रोगजंतू शरीरात काय करतात, शरीर त्यांच्याशी कसे झुंजते व लस त्या झुंजीत कोणते साहाय्य करते, हे घटसर्पाच्या उदाहरणावरून विद्यार्थ्यांस समजावून देणे.

प्रस्तावना : खेड्यातील मुलांस घटसर्प हा शब्द गोठ्यातून परिचित असतो. गुरांचा घटसर्प निराळा व त्याचा जंतूही निराळा. मुलांच्या घशात होणारा घटसर्प हा या पाठाचा विषय होय. हा भेद शिक्षकांनी आरंभीच स्पष्ट करावा.

विवेचन : घटसर्पाचा जंतू खोकणे व शिंकणे यांवाटे एकाच्या घशातून दुसऱ्याच्या घशात जातो. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ लफलर यांनी हा जंतू वेगळा करून वाढविला. तेव्हा त्यांस एक कोडे पडले. जंतू सापडत ते केवळ लागण झाली त्या जागी; परंतु अपाय झालेला दिसे तो दूरच्या अवयवांत. हे कोडे १८८८ साली पॅरिस येथे रू व येर्सिन यांनी सोडविले. जंतू वाढलेला द्रव गाळून त्यांनी जंतुविरहित केला. तरीही तो टोचलेले प्राणी दगावले. अर्थात मारक होते ते जंतूने सोडलेले विष.

हे विष पेशीत शिरून तेथील प्रथिने बनविण्याचे कार्य बंद पाडते. पेशी मरतात. मृत पेशी, लढावयास आलेल्या पांढऱ्या पेशी व गोठलेला द्रव मिळून घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा जमतो. त्याने श्वास कोंडतो. विष रक्तात मिसळून हृदय व मज्जातंतू यांसही इजा करते.

शरीर स्वस्थ बसत नाही. ते विषाला निष्प्रभ करणारे प्रतिविष बनवू लागते. परंतु प्रथमच गाठ पडली असता त्यास बरेच दिवस लागतात, आणि विष तितकी उसंत देत नाही. १८९० साली बर्लिन येथे बेरिंग व किटासाटो यांनी दाखविले की, एका प्राण्याच्या रक्तातील प्रतिविष दुसऱ्यास वाचवू शकते. पुढे घोड्यांच्या रक्तापासून हे औषध होऊ लागले. वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली बेरिंग यांस मिळाले ते याच कार्याबद्दल.

प्रयोग : वर्गात कुलूप व किल्ली आणावी. किल्लीच्या दातांवर मेण थापावे. ती कुलपात शिरत नाही. किल्ली म्हणजे विष, कुलूप म्हणजे पेशी, मेण म्हणजे प्रतिविष. मग मेण काढून किल्ली कुलपात घालावी व विचारावे, ‘आता मेणाचा काय उपयोग?’ विष पेशीत शिरल्यावर प्रतिविष व्यर्थ ठरते. प्रतिजैविक औषधे जंतू मारतात, पण सोडलेले विष परत घेत नाहीत. म्हणून उपचारात एक दिवसाचा विलंबही घातक होय.

लसीत हेच विष निरुपद्रवी करून टोचतात. शरीर त्याची ओळख ठेवते व पुढे खरे विष आल्यास त्वरेने प्रतिविष सिद्ध करते. ही ओळख काळाने क्षीण होते. यास्तव बालपणीच्या मात्रांनंतर ५ ते ६ व्या, १० व्या व १६ व्या वर्षी पुन्हा टोचावे लागते. ही सर्व वये शाळेची आहेत. शिवाय लस विषापासून रक्षण करते. लस घेतलेल्याच्या घशातही जंतू राहू शकतो व शेजारी बसलेल्या, लस न घेतलेल्या मुलास लागू शकतो. एकही मूल सुटता कामा नये, ते यासाठी.

शिक्षकांचे कर्तव्य : पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचे कार्ड पाहावे व राहिलेल्या मात्रांची यादी आरोग्यसेविकेस द्यावी. ताप, घसा दुखणे, मान सुजणे अथवा घशात करडा पापुद्रा दिसल्यास तो खरवडू देऊ नये. घरगुती उपायांत वेळ न दवडता मुलास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचविण्याविषयी पालकांस सांगावे.

फलकलेखन : जंतू घशात – विष रक्तात – प्रतिविष वेळेवर – लस त्याही आधी.

उजळणीचे प्रश्न :
१. जंतू घशात असता हृदयास इजा का होते?
२. प्रतिविष उशिरा दिल्यास उपयोग का होत नाही?
३. तुमच्या घरातील कोणाची मात्रा राहिली आहे? कार्ड पाहून लिहून आणा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी स्वतः तपासावे. पाठ सफल झाला की नाही, हे त्यावरूनच कळेल.